अँब्युलन्समधला संसार

लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच ह्यांच्या छातीत पाणी झालं.

हे म्हणजे माझे यजमान. परळच्या एका मोटार गॅरेजात ते मुख्य मिस्त्री होते. लांबून येणाऱ्या गाडीचा आवाज ऐकून तिला काय झालंय ते सांगायचे. पण स्वतःच्या छातीतला आवाज मात्र त्यांनी महिनाभर कुणाला ऐकू दिला नाही. शेवटी हॉस्पिटलात न्यावं लागलं. दोनदा सुई घालून पाणी काढलं. घरी सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "चाळीच्या खोलीत हिवाळा काढू नका. मोकळी हवा हवी, समुद्राजवळची मिळाली तर उत्तम. आणि ह्यांनी वाकायचं नाही, उचलायचं नाही, जोर लावायचा नाही. लक्ष ठेवा, मिस्त्री माणूस आहे."

मोकळी हवा सांगणं सोपं होतं. आमचं ना गाव उरलं होतं, ना समुद्राकाठी कुणी नातलग. तोडगा काढला तो गॅरेजच्या मालकांनी. गॅरेजच्या मागच्या अंगणात लढाईनंतर लिलावात घेतलेली एक लष्करी अँब्युलन्स पडून होती. मालक म्हणाले, "ही घेऊन जा. डहाणूला माझ्या एका स्नेह्याची चिकूची वाडी आहे, अगदी किनाऱ्याला लागून. तिथे उभी करा आणि राहा. फाल्गुनात आणून लावा परत."

माझी मोठी जाऊ हे ऐकून म्हणाली, "गाडीत का कुणी संसार करतं?" मलाही तेच वाटत होतं, पण तिच्यासमोर मी म्हटलं, "करतात की. बैलगाडीत करतात, मग मोटारीत का नाही?"

गॅरेजातल्या लोकांनी आठवडाभर काम संपल्यावर थांबून तिचं घर केलं. आत स्ट्रेचर ठेवायच्या फळ्या होत्या, त्या आमच्या खाटा झाल्या. एका बाजूला बिजागरीवर खाली येणारी फळी बसवली, तिच्यावर जेवायचं. मागच्या दाराशी पत्रा ठोकून स्टोव्हची जागा केली. बाहेरच्या दोन्ही अंगांना लाल क्रॉस होते, ते हिरव्या रंगाच्या एकाच हातात झाकून टाकले. ह्यांनी खुर्चीवर बसून सगळं करवून घेतलं आणि शेवटी हत्यारांची पेटी स्वतः उचलायला गेले. मी ओरडले. ती पेटी मीच चढवली. ती किती जड होती ते माझ्या खांद्याला अजून आठवतं.

ह्यांचा एक ड्रायव्हर मित्र भिवंडी, वाडा, मनोर असा वळसा घेत गाडी घेऊन आला. चारोटीवरून आशागड मागे टाकून आम्ही डहाणूच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. सुरूच्या झाडांखाली गाडी लावून मित्र म्हणाला, "आता हिला हलवायची नाही. हलवायची वेळ आलीच तर कार्ड टाक, मी येतो." आणि तो स्टेशनकडे चालत निघून गेला. आम्ही दोघं, एक स्टोव्ह आणि समोर सगळा समुद्र.

पहिले पंधरा दिवस माहेरपणासारखे गेले. सकाळी वाडीच्या विहिरीवरून पाणी आणायचं, ह्यांना उन्हात बसवायचं, ताजी मासळी घ्यायची. शेजारच्या धाकटी डहाणू गावाहून एक कोळीण रोज पाटी घेऊन यायची. वय पन्नाशीचं, आवाज भरतीच्या लाटेचा. मी तिला मावशी म्हणायला लागले आणि ती मला बाय. पहिल्या दिवशी तिनं गाडीत डोकं घालून सगळं निरखून पाहिलं आणि विचारलं, "बाय, रुसून आलीस काय घरातून?" मी सगळी हकीकत सांगितली, तेव्हा ह्यांच्याकडे पाहत म्हणाली, "मग ह्याला बोंबील खिलव. हाडाला नाय, पण जिवाला बरा."

ह्यांना बोंबील लागू पडला की हवा, कोण जाणे, पण खोकला उतरायला लागला.

मग पौर्णिमेचं उधाण आलं. पहाटे मला जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. गाडी एका बाजूला कलली होती आणि भांडी फळीवरून घसरत होती. दार उघडून पाहते तर पाणी मागच्या चाकांपर्यंत येऊन परत जात होतं आणि प्रत्येक लाटेबरोबर चाकांखालची वाळू नेत होतं. हे उठून चप्पल शोधायला लागले. मी म्हटलं, "तुम्ही खाली पाऊल ठेवायचं नाही," आणि लुगडं खोचून धाकटी डहाणूच्या दिशेनं पळाले. अर्ध्या वाटेत मावशीचा नवरा आणि पाचसात माणसं होड्या वर ओढायला निघालेली भेटली.

त्यांनी माझ्या गाडीकडे पाहिलं आणि त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. होडी ओढताना खाली घालतात ते ताडाचे ओंडके त्यांनी चाकांपुढे टाकले, जाड दोर पुढच्या कण्याला बांधला आणि मावशीचा नवरा सूर लावून आरोळी देऊ लागला. हे आतून ओरडून सांगत होते, "ब्रेक सोड! अगं, तो डावीकडचा लांब दांडा, तो सोड!" मी आत चढले, दिसेल तो दांडा सोडला, आणि अँब्युलन्स होडीसारखी वर कोरड्या वाळूवर आली. स्टिअरिंगवर बसण्याचा माझा तो पहिला प्रसंग. गाडी चालू नव्हती आणि ओढणारे दुसरेच होते, तरी मला वाटलं, मीच आणली.

पाणी गाडीला लागलं होतंच. त्या दिवसापासून दुखणी सुरू झाली. ब्रेकमध्ये वाळू शिरली, बोल्ट गंजले, बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी धरली. हे खुर्ची टाकून बसायचे आणि गाडीकडे असे बघायचे की मला भीती वाटायची, हा माणूस आता उठून तिच्याखाली शिरणार. एके दिवशी मी जेवणाची भांडी घासून आले तर हे खरोखरच गुडघे टेकून चाकाशी वाकलेले.

"उठा आधी," मी म्हटलं.

"अगं, चार नट आहेत. दुसरं कोण करणार इथे?"

"मी करते. तुम्ही तोंडानं सांगा."

हे हसले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून हसायचे थांबले. मी त्यांचा जुना पायजमा आणि सदरा चढवला, वाळूवर गोणपाट अंथरलं आणि गाडीखाली शिरले.

आमचं पहिलं भांडण पान्यावरून झालं. ते म्हणायचे "पाना सोळाचा दे", तर मला सगळे पाने सारखेच दिसायचे. ते म्हणायचे "उलटा फिरव", आणि गाडीखाली पाठीवर पडलेल्या माणसाला उलटं कुठलं आणि सुलटं कुठलं? तासाभरानं मी ओरडले, "उलटा, सुलटा नका सांगू! समुद्राकडे की वाडीकडे ते सांगा!" तेव्हापासून आमच्या दुरुस्तीची भाषा ठरली. नट वाडीकडे सैल व्हायचा, समुद्राकडे घट्ट. वाळू पुसून, ग्रीस भरून ब्रेक परत बसवला, तेव्हा माझ्या कोपरापर्यंत काळं होतं आणि केसांत वाळू. हे म्हणाले, "गॅरेजातल्या नव्या पोरांना हे शिकायला महिना लागतो." हे त्यांनी कौतुक म्हणून सांगितलं की माझ्यावर पुढची कामं टाकायची म्हणून, ते मला कळलं नाही; पण त्या दिवशी चहा त्यांनी केला.

पौषात ठरलं की खाऱ्या हवेत गाडीची माती होईल, थोडं आत जाऊ. ड्रायव्हर मित्राला कार्ड टाकलं. त्यानं उलट कार्ड पाठवलं, सुट्टी मिळत नाही. हे म्हणाले, "तू चालव. कैनाडपर्यंतच जायचंय. रस्त्यावर बैलगाडीशिवाय कुणी नाही."

मी दोन दिवस वाळूवर क्लच सोडायला शिकले. पहिल्या दहा वेळा गाडी बेडकासारखी उडाली आणि आतले डबे पडले. अकराव्या वेळी ती सरळ चालू लागली आणि मग थांबवायची कशी हे विसरून मी सुरूच्या एका झाडाला हळूच टेकवली. झाडाला काही झालं नाही; गाडी वाडीच्या गड्यांनी मागे ढकलून दिली.

कैनाडला एका वारली शेतकऱ्याच्या शेताकडेला चिंचेखाली आम्ही मुक्काम केला. तो आणि त्याची बायको, दोघंही आमच्यापेक्षा थोडी मोठी. भात झोडून झालं होतं, शेत रिकामं होतं, त्यामुळे त्यांची हरकत नव्हती. पोचतो तोच रेडिएटर गळायला लागला. हे म्हणाले, "हळद आहे ना? घाल दोन मुठी आत." मला थट्टा वाटली. पण त्यांनी समजावून सांगितलं की हळद पाण्याबरोबर फिरते, बारीक चिरेत जाऊन बसते आणि फुगून ती बुजवते. मी सबंध हिवाळ्याची हळद रेडिएटरात ओतली. गळती थांबायच्या आधी गाडीखाली पिवळ्याजर्द पाण्याचं थारोळं झालं. शेतकऱ्याची बायको कडेवर हंडा घेऊन चालली होती, ती थबकली आणि मला विचारू लागली, "गाडीचं लगीन हाय काय?" मी हो म्हटलं. ती इतकी हसली की हंडा खाली ठेवावा लागला. दुसऱ्या दिवशी तिनं वस्तीतल्या चारपाच बाया आणल्या, हळद लागलेली गाडी दाखवायला.

त्या महिन्यात मला आणखी एक गोष्ट उमगली. खाऱ्या वाऱ्यानं हिरवा रंग सुटला होता आणि खालून लाल क्रॉस पुन्हा वर आले होते. त्यामुळे सकाळ झाली की कुणी ना कुणी दाराशी उभं असायचं. कुणाचा पाय सुजलेला, कुणाला ताप. आम्ही डॉक्टर नाही हे पटवायला मी दमून जायचे. आमच्याजवळ आयोडिनची बाटली आणि पट्ट्या होत्या. जखम धुवून बांधण्यापुरतं मी करायचे, बाकीच्यांना डहाणूच्या दवाखान्यात जायला सांगायचे. त्या बदल्यात दाराशी कधी वालाच्या शेंगा, कधी कोनफळाचा कंद ठेवलेला असायचा.

एकदा मी सरपण आणायला गाडी थोडी पुढे नेली आणि बांधावरून उतरताना खालून बंदुकीसारखा आवाज आला. गाडीची एक बाजू बसली. मी खाली शिरून पाहिलं आणि सांगितलं, "मागचा पाटा तुटलाय. डावीकडचा."

पाटा म्हणजे चाकावर गाडीचं वजन झेलणारी पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग. पाटा तुटला म्हणजे हळद घालून भागत नाही. नवा मिळेल तर तलासरीला, हमरस्त्यावर ट्रकची कामं करणारे असतात तिथे. पण तुटल्या पाट्यावर तलासरीपर्यंत जायचं कसं?

शेतकरी माझ्या शेजारी उताणा झोपून तुटलेली जागा पाहत होता. तिच्यावरून त्यानं बोट फिरवलं. मग म्हणाला, "हाड मोडल्यावर बांधतात तसा बांधू." त्यानं बांबूच्या जाड कामट्या तासल्या, पाट्याच्या वरखाली लावल्या आणि अंबाडीच्या दोरीनं असं आवळलं की हे सुद्धा खुर्चीतून उठून पाहायला आले. वर खैराचा एक ठोकळा तासून कण्याच्या आणि गाडीच्या मधे बसवला. ह्यांनी तो ठोकळा हातानं हलवून पाहिला. हलला नाही. "परळला असा माणूस ठेवला असता मी," हे म्हणाले. शेतकरी म्हणाला, "परळ कुठं आलं?"

निघायच्या सकाळी मावशी उगवली. ती दर साल कैनाडच्या बाजूला सुके बोंबील आणि सुकट देऊन भात न्यायला यायची. या वेळी तिच्याबरोबर आणखी दोघी होत्या आणि भल्या मोठ्या पाट्या. आम्ही तलासरीच्या बाजाराला चाललोय हे कळल्यावर तिनं विचारलंही नाही. पाट्या आत चढवल्या आणि माझ्या अंथरुणावर बसली. हे नाकाला रुमाल लावून पुढे माझ्याशेजारी बसले.

तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. बैलगाडीच्या चाकोऱ्या, मधे दगड, आणि प्रत्येक गचक्याला मागून तिघींचा एकच "अगो बाय!" मी एवढी हळू चालवत होते की एक म्हातारबाबा काठी टेकत आमच्या पुढे निघून गेले. बांधलेला पाटा कुरकुरत होता, पण धरून होता.

मग नदी लागली. पाणी गुडघाभर, तळाला गोटे. हे म्हणाले, "थांबू नकोस. हळू, पण थांबू नकोस." मी थांबले नाही, गाडी थांबली. बरोबर मध्यभागी. पंख्यानं पाणी उडवून इंजिनावर टाकलं होतं.

"आता?" मी विचारलं.

"आता तुला माहीत आहे," हे म्हणाले. आणि खरंच मला माहीत होतं. मी पाण्यात उतरले, बॉनेट उघडलं, इंजिनाला ठिणगी पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं. आत थेंब होते. पदर ओला झाला होता, म्हणून मावशीला हाक मारली. तिनं डोक्याला बांधलेलं कोरडं फडकं सोडून दिलं. मी पुसलं, फुंकर मारली, झाकण बसवलं आणि पुढून इंजिन फिरवायचं हँडल मारायला गेले. दोनदा मारलं, तिसऱ्यांदा हात वळेना. हे दार उघडायला लागले तशा मी आणि मावशी एकदम ओरडलो, "बसून राहा!"

"सर गो," मावशी पाण्यात उतरून मला म्हणाली. तिनं हँडल दोन्ही हातांनी धरलं, वल्ही मारून आणि जाळी ओढून तयार झालेल्या त्या हातांनी एक झटका दिला, आणि इंजिन जे लागलं ते लागलंच. ती मागे सरकून पाण्यात बसली. सगळे हसलो. ती सगळ्यात जास्त.

तलासरीच्या बाजारात शिरलो तेव्हा मला वाटलं होतं, लोक कौतुकानं पाहतील. झालं भलतंच. गाडीवरचा लाल क्रॉस दिसला आणि कुणीतरी ओरडलं, "टोचायला आले! देवी टोचायला आले!" आयांनी पोरं बगलेत मारली आणि धूम ठोकली. बांगडीवाला पेटीसकट आडोशाला गेला. पाच मिनिटांत बाजारात आम्ही, एक बैल आणि मिरच्यांचे ढीग एवढेच उरलो.

मावशीच्या कपाळावर आठी चढली. आता माल घ्यायचा कुणी? ती गाडीच्या मागच्या पायरीवर उभी राहिली, हातात बोंबलांची एक जुडी उंच धरली आणि त्या भरतीच्या आवाजात म्हणाली, "टोचायला नाय! बोंबील हाय, बोंबील!"

आधी एक बाई झाडामागून डोकावली. मग दुसरी. वास तर खोटं बोलत नव्हता. लोक हसत हसत परत आले आणि एवढी गर्दी झाली की दुपारच्या आत तिन्ही पाट्या रिकाम्या. मावशी निघताना माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "बाय, पुढल्या बाजारी पण ये. ही गाडी लोकांना आधी पळवते न् मग आणते."

हमरस्त्याला एका सरदारजींचं ट्रक दुरुस्तीचं छप्पर होतं. त्यांनी गाडीखाली पाहिलं आणि बांबूच्या कामट्या बघून मोठ्यानं हसले. मग हसणं थांबवून त्यांनी ती गाठ नीट बोटानं चाचपली. ह्यांना विचारलं, "मिस्त्री कौन है?"

ह्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ये हैं."

सरदारजींनी माझे हात पाहिले. नखांत काळं, मनगटावर भाजल्याचा डाग. मग नवा पाटा बसवताना त्यांनी एक टोक मला धरायला सांगितलं, जसं बरोबरीच्या माणसाला सांगतात. हे बाजूला खाटेवर बसून चहा पीत होते आणि मी हातोडी मारत होते. जाताना सरदारजी ह्यांना म्हणाले, "आप तो सिर्फ सवारी हो."

कैनाडला परत येऊन आम्ही तो खैराचा ठोकळा शेतकऱ्याला दाखवला. त्याच्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता. त्याच्या बायकोनं त्या रात्रीसाठी तांदळाच्या भाकरी आणि कोनफळाची भाजी पाठवली. आम्ही डब्यातून त्यांना बोंबलाची चटणी दिली. माझ्या अंथरुणाला बोंबलाचा वास तेव्हापासून जो लागला तो मुंबईत उन्हात घालूनही गेला नाही.

होळीच्या आधी ड्रायव्हर मित्र न्यायला आला. तो म्हणाला, "सरक, मी चालवतो." हे म्हणाले, "मनोरपर्यंत तिला चालवू दे. पुढे गर्दी लागेल तिथे तू घे." तो माझ्याशेजारी दोन्ही हातांनी सीट धरून बसला, आणि अर्ध्या तासानं झोपला.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी ह्यांची छाती पुढून मागून ऐकली, फोटो उजेडासमोर धरून पाहिला आणि म्हणाले, "छान. विश्रांती पाळलेली दिसतेय." हे म्हणाले, "पाळायला लावली." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी हात पदराखाली घेतले.

हे पुन्हा कामावर जाऊ लागले. अँब्युलन्स मालकांनी पुढे एका ठेकेदाराला दिली. त्यानं तिची मालमोटार केली असं ऐकलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. तिला काम मिळालं, एवढंच.

पुढे साठ सालानंतर ह्यांनी गिरगावात स्वतःचं छोटं गॅरेज काढलं, तेव्हा मी लायसन काढायला गेले. तपासणाऱ्या साहेबांनी मला गाडी पुढे न्यायला सांगितली, मी सुरेख नेली. मग म्हणाले, "आता मागे घ्या." माझा हात गिअरच्या दांड्यावरच राहिला. त्या सगळ्या हिवाळ्यात मी गाडी कधी मागे घेतलीच नव्हती. ती गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती आणि तशी गरजही पडली नव्हती. साहेबांनी नापास केलं. घरी येऊन मी ह्यांच्यावर खूप चिडले. ते पोट धरून हसले, आणि मग रविवारी सकाळी मला गॅरेजच्या बोळात घेऊन गेले. ते भिंतीपाशी उभे राहिले आणि हातानं खुणा करत म्हणाले, "ये, ये. अजून ये. वाडीकडे घे थोडी."